आर्माडा उचलली तेव्हा

"झोपा सर," रंगराव वस्ताद म्हणाला.

"कुठे?"

"कुठं म्हंजे? मागं, गादीवर. बाईंच्या जागी."

मी आप्पांकडे पाहिलं. माझे वडील आर्माडाच्या स्टिअरिंगवर बसले होते. मागे जे काही चाललंय त्याच्याशी आपला संबंध नाही, अशा नजरेने ते समोरचा रस्ता बघत होते. मी त्या वेळी पुण्यातल्या एका बऱ्यापैकी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. रविवारच्या एका पुरवणीत माझं विनोदी सदर यायचं. असा माणूस भर दुपारी, गावच्या शाळेसमोर, जुन्यापुराण्या लांबलचक जीपच्या मागच्या भागात चपला काढून उताणा झोपला. वस्तादाने माझ्या उशाशी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला.

"हात छातीवर नको ठेवू," आप्पा आरशातून म्हणाले. "बरं दिसत नाही."

गाडी रस्त्यातल्या स्पीड ब्रेकरवर चढली. चढताना काही झालं नाही. उतरताना मी गादीपासून सुटलो आणि जरा वेळाने पुन्हा गादीला मिळालो. दात दातांवर आपटले. तांब्या आडवा झाला आणि सगळं पाणी माझ्या डाव्या कानात गेलं.

बाहेर वस्ताद नाचत होता. "घासली न्हाई! सायलेन्सर बघा आप्पा, एक ओरखडा न्हाई!"

"अहो, माझा मणका—"

"मणक्याचं मागनं बघू सर. आधी सायलेन्सर."

शेजारच्या मालनकाकू रस्त्याने चालल्या होत्या. त्यांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. "अगं बाई, सुहास व्हय! मला वाटलं..."

"काय वाटलं काकू?"

"काय न्हाई. च्याला ये."

हे सगळं आईसाठी चाललं होतं. आई गावच्या शाळेत शिक्षिका. वर्गात नकाशा टांगताना ती स्टुलावरून पडली आणि पाठीचा मणका मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं. घरी न्यायला परवानगी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, आडवी झोपवून न्या आणि वाटेत एकही गचका बसू देऊ नका. मिरजेपासून गावापर्यंत रस्ता बरा होता. गचका होता तो गावात, शाळेसमोर, आमच्या घराच्या अलीकडे.

तो ब्रेकर म्हणजे एखादी म्हैस रस्त्यात आडवी निजवून तिच्यावर सिमेंट ओतावं तसा होता. एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला जास्त उंच. आईला न्यायला आलेली अ‍ॅम्ब्युलन्स जाताना त्याच्यावर बसली होती आणि तिचा सायलेन्सर आमच्या गावातच राहिला होता. ड्रायव्हरने साफ सांगितलं, येताना मी ब्रेकरच्या अलीकडे सोडणार, तिथनं चौघांनी उचलून न्या.

हा निरोप मी आईला दवाखान्यात सांगितला. पाठीला पट्टा, मान हलवायची सोय नाही. ती छताकडे बघत म्हणाली, "जित्तेपणी मी चौघांच्या खांद्यावरनं गावातनं जाणार नाही. पुढं न्यायचंच आहे, तेव्हा न्या."

तो विषय तिथे संपला.

मला संताप येत होता तो ब्रेकरचा नाही. ब्रेकर निर्जीव होता. संताप येत होता गावाचा. त्या एका उंचवट्यापायी गावातल्या प्रत्येक चारचाकीने स्वतःला उंच करून घेतलं होतं. दूधवाल्याचा टेम्पो उंच, सोसायटीची जीप उंच. देसाई गुरुजींनी आयुष्यभराच्या हौसेने घेतलेली छोटी मोटार उंच होईना, तर ती त्यांनी विकली आणि स्कूटर घेतली. सगळ्या गाड्या बदलल्या. एवढ्या माणसांत एकालाही असं वाटलं नाही, की गाड्या वर नेण्याऐवजी ब्रेकर खाली आणावा.

कारण ब्रेकरच्या कडेला लोखंडी पाटी होती. 'सौजन्य : मा. श्री. सर्जेराव खोत, उपसरपंच.' वर हात जोडलेला फोटो. बसथांब्याला, पाणपोईला, स्मशानातल्या बाकाला सौजन्य लावलेलं मी पाहिलं होतं. रस्त्यातल्या अडथळ्याला सौजन्य लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. बरं, गावाबाहेर खडीची खाण याच माणसाची, आणि तिथून निघणारे डंपर याच रस्त्याने जायचे. ते या ब्रेकरवर आदळायचे आणि त्यांचे पाटे तुटायचे. पाटे म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या. "म्हैन्याला एक तरी जोड तुटतोयच," वस्ताद अभिमानाने सांगायचा. आपल्याच ब्रेकरवर आपलेच डंपर मोडून घेणारा पुढारी! मी मनातल्या मनात सदराचा मथळा ठरवूनसुद्धा टाकला होता.

कान पुसत मी गाडीतून उतरलो तर खुद्द सर्जेराव समोर उभे. पांढरा शर्ट, पांढरी चप्पल.

"काय सर, कधी आलासा? आमच्यावर लिव्हताय का न्हाई कधी पेपरात?"

"विषय मिळाला की लिहीन."

ते मोकळेपणाने हसले. मग आवाज खाली आणून आप्पांना म्हणाले, "आप्पा, बाईंचं कळलं. जिवाला लागलं बघा. मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. हे गाडी उचलायचं कशाला करत बसलाय? त्यांच्या पाठीपुढं हा ब्रेकर काय मोठा हाय? उद्या सकाळी जेसीबी लावतो. बाई यायच्या आत रस्ता आरशागत करतो."

मला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. इतका, की मला स्वतःचाच राग आला.

"नको," आप्पा म्हणाले.

"आं?"

"तिला विचारल्याशिवाय नको."

"अवो पर बाई दवाखान्यात—"

"आल्यावर विचारू."

सर्जेराव माझ्याकडे बघून हताशपणे हसले. शिकल्यासवरलेल्या दोन माणसांनी एका अडाण्यासमोर हसावं तसं. मी पण हसलो, हे खरं आहे.

ते गेल्यावर मी आप्पांना गाठलं. "आप्पा, तिला आणायचं अडलंय ते ब्रेकरमुळे. बरोबर?"

"हं."

"ज्याचा ब्रेकर तो स्वतः काढतो म्हणतोय."

"हं."

"आणि तुम्ही म्हणताय की ती आल्यावर तिला विचारू, काढायचा का?"

"हं."

"मग ती येणार कशी?"

"गाडी उचलतोय की," आप्पा म्हणाले आणि वस्तादाच्या गॅरेजकडे चालू लागले. त्यांच्या हातात एक काठी होती. दोन दिवस बघत होतो, ती काठी घेऊन ते घरातून बाहेर आणि बाहेरून घरात करत होते. तिच्यावर पेन्सिलीची एक खूण होती. ब्रेकर मोजून आणलाय, एवढं मी ताडलं होतं. भूमापन खात्यातून निवृत्त झालेला माणूस दुसरं काय मोजणार?

वस्ताद तरुणपणी कुस्त्या खेळायचा. कान मोडलेले, मान नाहीच. गॅरेजात देवाच्या फोटोशेजारी पैलवानांचे फोटो. गाडीच्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच औषध होतं, एक पाटा वाढवणे.

"पुढं एक घातलाय, मागं दोन घातल्यात," तो सांगत होता. "आता गाडीला छाती आली. बघा कशी हुबी हाय! वाघ हाय वाघ."

"वाघात झोपून माणूस न्यायचंय रंगराव," आप्पा म्हणाले. "वाढवलेले काढा."

"काढू? आप्पा, दिवसभर ठोकलंय!"

"गाडी वर गेली पण कडक झाली. पाणी सांडलं."

"पाणी सांडणारच की. पाणी हाय त्ये."

"आणि हा आपटला."

वस्तादाने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "सरांना सवय न्हाई. पुण्यात ऱ्हात्यात."

मग वाद सुरू झाला. वस्तादाचं म्हणणं, मग लांब शॅकल टाकू. पाट्याचं टोक ज्या कडीत अडकतं ती कडी लांब केली की गाडी वर, आणि पाटे होते तसेच मऊ. आप्पांनी विचारलं, मागेपुढे दोन्हीकडे लांब केल्या तर गाडी डोलेल का? वस्ताद म्हणाला, डोलणार, गाडी हाय, देवळाचा खांब न्हाई. आप्पा म्हणाले, डोलायला नको. शेवटी वस्तादाने कोपऱ्यातल्या भंगारातून बिडाचे दोन ठोकळे काढून धाडकन जमिनीवर टाकले.

"ह्ये घ्या. मागचा आस आणि पाटा, मधी ठोकळा. पाट्याला हातच लावायचा न्हाई. पुढं तेवढी कडी लांब करतो, पुढं ठोकळा चालत न्हाई. पर त्याला लांब बोल्ट पायजेत, लांब शॉकअप पायजेत, ब्रेकचा पाइप ताणला तर त्योबी लांब पायजे. सांगलीला जावं लागंल."

"जाऊ," आप्पा म्हणाले.

"आन मग उचलायचीच तर ठोकळ्यावर ठोकळा घालतो की! सर्जेरावाच्या गाडीपेक्षा वर काढून देतो."

आप्पांनी काठी पुढे केली आणि खुणेवर बोट ठेवलं. "मागचा तळ इथं आला पाहिजे. ह्याच्या वर नको, खाली नको."

"आप्पा, ब्रेकर त्याच्या पार खाली ऱ्हातोय. एवढं काटेकोर कशाला?"

"इथं."

तेव्हा मला माझ्या वडिलांच्या म्हातारपणाची काळजी वाटली.

सांगलीला मीच गेलो. बोल्ट, शॉकअप, पाइप घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी वस्तादाने शिव्या देत आपलेच पाटे काढले, ठोकळे बसवले आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. संध्याकाळी मी न सांगता चपला काढल्या आणि झोपलो. या वेळी बघायला गर्दी होती. कुणीतरी पोरांना खेळातून उठवून आणलं होतं. आप्पांनी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने ब्रेकरवर घेतली. मी वर गेलो, थोडा डोललो, खाली आलो. तांब्यातलं पाणी काठापाशी हललं आणि आत राहिलं.

"सांडलं?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"परत एकदा."

अशा किती फेऱ्या झाल्या ते मी सांगत नाही. रविवारच्या पुरवणीच्या वाचकांनी मला त्या अवस्थेत पाहिलं नाही, एवढंच.

आईला आणायला आम्ही भल्या सकाळी निघालो. दवाखान्यात ट्रॉली गाडीला लावली, गादीसकट आई आत सरकली. डोकं मागच्या दाराकडे, पाय पुढे. मी तिच्याजवळ खाली बसलो. आप्पा गाडी अशी चालवत होते, की सायकलवाले आम्हाला मागे टाकून पुढे जाताना वळून बघत होते. आई फक्त टपाकडे बघू शकत होती, पण तिला सगळा रस्ता पाठ होता.

"कारखाना गेला. आता ओढ्याचं वळण. आलं का?"

"आलं."

मग ती थांबली. "हे इंजिन कसलं?"

मी मान वर करून पुढे पाहिलं. ब्रेकरपाशी पिवळा जेसीबी उभा होता. सर्जेराव हातात हार घेऊन उभे होते, त्यांच्या शेजारी फोटोग्राफर. रस्त्याच्या दुसऱ्या कडेला मालनकाकू आणि बचत गटाच्या बायका, हाताच्या घड्या घालून, तोंडं मिटून.

"आई, काळजी करू नको," मी म्हणालो. "सर्जेराव ब्रेकर काढतोय. खास तुझ्या पाठीसाठी. मी मानला बुवा त्याला."

आईने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "अहो, गाडी थांबवा. सुहास, दार उघड."

मी मागचं दार उघडलं. सर्जेराव लगबगीने आले. आईला ते उलटे दिसत असणार.

"बाई, नमस्कार! तुमी फकस्त पडून ऱ्हावा. आत्ता उकरतो बघा."

"सर्जा," आई म्हणाली. चौथीच्या वर्गात म्हणायची तसंच. "जेसीबी मागं घे."

"बाई, तुमच्या पाठीला—"

"माझी पाठ होईल बरी. ती बरी झाल्यावर ब्रेकर परत घालशील?"

सर्जेरावांनी हार या हातातून त्या हातात घेतला.

"माझ्या आजारपणाच्या नावावर काढतोयस. म्हणजे कुणाला बोलता येणार नाही. दोन वर्षं हेच निमित्त शोधत होतास ना? मग तुझे डंपर शाळेसमोरनं सुटले, की त्यांना अडवणार कोण? मी? पट्टा बांधून?"

"बाई, असं कुठं असतंय..."

मालनकाकू पुढे आल्या. "आमच्या डोसक्यावर घमेली हुती त्या दिवशी, तवा तू कुठं—"

"मालन!" आई म्हणाली. मालनकाकू जागच्या जागी थांबल्या. आईने डोळे फिरवून विचारलं, "तो क्यामेरावाला आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

"बरं झालं. सर्जा, पाटीवर नाव कुणाचं आहे? तुझं. स्वतःच्या हातानं स्वतःचं सौजन्य उकरतानाचा फोटो काढून घे. माझा मुलगा छापेल. तो पेपरात लिहितो, माहीत आहे ना?"

सर्जेरावांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीही कळलेलं नव्हतं, पण मी खिशातून पेन काढलं. तोवर मालनकाकू ब्रेकरवर जाऊन बसल्या होत्या आणि बाकीच्या बायका पदर खोचून त्यांच्या शेजारी जागा धरत होत्या.

सर्जेरावांनी हार फोटोग्राफरच्या हातात दिला. मग त्यांनी जेसीबीवाल्याला हात केला. जेसीबी तोऱ्यात मागे वळला आणि वळताना त्याच्या शेपटाने पाटीला धक्का दिला. हात जोडलेले सर्जेराव रस्त्याच्या कडेला पालथे पडले.

"घ्या गाडी," आई म्हणाली.

बायका उठल्या. आप्पांनी आर्माडा ब्रेकरवर घेतली. मी आईचा हात धरला होता. गाडी वर गेली, हलकेच डोलली, खाली आली. खाली काही घासलं नाही, वर काही आपटलं नाही. आईने डोळे मिटले होते.

"झाला?" तिने विचारलं.

"झाला."

"मला वाटलं अजून यायचाय."

घरापाशी आप्पांनी गाडी वळवली आणि मागे मागे घेत थेट ओट्याला लावली. मी दार उघडलं. गाडीचा तळ आणि आमच्या ओट्याची कड एका रेषेत होती. मध्ये बोटभर फट. मालनकाकूंनी आणि मी गादी ओढली, आणि आई गाडीतून ओट्यावरच्या पलंगावर सरकली. पलंगाचे पाय आप्पांनी आधीच कापून ठेवले होते. कुणी तिला उचललं नाही. एकाच्याही खांद्यावर ती आली नाही.

काठी भिंतीला टेकून ठेवलेली होती. तिच्यावरची खूण ब्रेकरची नव्हतीच.

आप्पा चहा टाकायला आत गेले, तेव्हा मी आईला विचारलं, "हा ब्रेकर कुणाचा?"

"आमचा," आई म्हणाली. "बचत गटाचा. आणि माझा. दुसरीतला ओंकार डंपरखाली यायचा राहिला. दप्तर आलं. मी सर्जाकडं सहा महिने खेटे घातले, एक ब्रेकर घाल म्हणून. मग तो तिरुपतीला गेला, आणि समाजमंदिराच्या स्लॅबचा माल उरला होता. बायकांनी घमेल्यानं वाहिला, मी थापी धरली. उंची कुणी मोजली नाही. माल संपेपर्यंत ओतला."

"आणि पाटी?"

"आल्यावर त्यानं बघितलं. फोडावा तर सगळ्या आया अंगावर येतील. मग दुसऱ्या दिवशी स्वतःचं नाव लावून टाकलं. मी म्हटलं, लई बरं झालं. त्याचं नाव असल्यावर तक्रार कोण करतंय?"

"तू केलंस ते तू सांगायचं नाहीस? आपलं सौजन्य म्हणून तो दोन वर्षं गावभर मिरवतोय!" माझा आवाज चढला. "अगं, निदान मला तरी! मी तुझा मुलगा आहे."

"तू लिहिलं असतंस," आई म्हणाली.

मी खिशातून डोकावणारं पेन आत ढकललं.

"सरकारी रस्त्यावर सरकारी नोकरानं बेकायदा बांधकाम. माझी नोकरी अजून बाकी आहे सुहास. पेन्शन आहे." ती पलंगावरून डोळे तिरपे करून रस्त्याकडे बघत होती. "पाटी पडली का रे?"

"पडली. पडू दे."

"उचल ती. लाव परत."

"त्या माणसाचं नाव? मी? माझ्या हातानं?"

"मग कुणाचं लावतोस, माझं?"

आईला पेन्शन सुरू होऊन आता बरीच वर्षं झाली. हे तिच्या परवानगीने लिहितोय. गावाचं नाव घालायचं नाही आणि ब्रेकरला म्हैस म्हणायचं नाही, या दोन अटींवर. दुसरी मी पाळली नाही. ब्रेकर अजून आहे, पाटीही आहे. सर्जेराव मधल्या काळात सरपंच झाले आणि प्रचाराच्या पत्रकात 'शाळकरी मुलांच्या सुरक्षेसाठी गतिरोधक' हे त्यांच्या कामांत पहिल्या क्रमांकावर होतं. मी ते पत्रक वाचलं तेव्हा माझा रक्तदाब तपासावा लागला.

त्या सकाळी आप्पा हातोडा घेऊन आले. आम्ही दोघं ब्रेकरपाशी गेलो. बचत गटाच्या बायका अजून तिथेच होत्या आणि अतिशय समाधानाने बघत होत्या. मी पाटी उचलली, सर्जेरावांच्या तोंडावरची माती हाताने पुसली आणि दोन्ही हातांनी ती छातीशी धरून उभा राहिलो. आप्पा खांब ठोकू लागले. प्रत्येक घावासरशी हात जोडलेले उपसरपंच माझ्या हनुवटीवर आपटत होते.

"सरळ धर रे," ओट्यावरून आईचा आवाज आला. "वाकडी दिसतेय."